अ‍ॅब्लेशनला पाच आठवडे झाले, धडधड अजून आहे

प्रश्न
एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडणं) कॅथेटर अ‍ॅब्लेशन, म्हणजे जांघेतल्या शिरेतून नळी घालून केलेला उपचार, होऊन पाच आठवडे झाले. संध्याकाळी मधूनच ठोका चुकतो, दोनदा धडधड तासभर टिकली. बसल्या जागी नाडी आधी ६२ असायची, आता ८२. जांघेत वाटाण्याएवढी गाठ आहे, दुखत नाही. अ‍ॅब्लेशन फसलं समजायचं का? आणि रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवतात?

उत्तर १
एवढ्यात निकाल लावू नका. फुप्फुसांकडून हृदयात येणाऱ्या शिरांच्या तोंडाभोवती हृदयाचा स्नायू भाजून किंवा गोठवून विजेची वाट अडवलेली असते. ती जागा आधी सुजते, व्रण पक्का व्हायला काही आठवडे जातात, आणि तोवर तिथला स्नायू बारीकसारीक कारणाने बिथरतो. म्हणून सुरुवातीची धडधड अपयशात मोजत नाहीत. ही मुदत पूर्वी तीन महिने धरत. २०२४च्या आंतरराष्ट्रीय सहमतीपत्रात ती आठ आठवड्यांवर आणली आहे. मोजत नाहीत म्हणजे कळवायचं नाही असं मात्र नव्हे. तासभराची धडधड डॉक्टरांना सांगाच. या काळापुरती ठोक्यांचा ताल सांभाळणारी गोळी देता येते.

नाडीचं कारण वेगळं. त्याच शिरांजवळ मज्जातंतूंच्या छोट्या गाठी असतात, त्या हृदयाला ब्रेक लावतात. अ‍ॅब्लेशनमध्ये त्याही थोड्या भाजतात, ब्रेक सैल होतो. मिनिटाला १०-२० ठोके वाढणं नेहमीचं आहे आणि ते कित्येक महिने राहू शकतं. तेवढ्यासाठी बीटा ब्लॉकरचा (नाडी मंद करणारी गोळी) डोस आपल्या मनाने वाढवू नका.

उत्तर २
'धडधड झाली' एवढ्यावर डॉक्टरांना काहीच ठरवता येत नाही. धडधड चालू असतानाच स्मार्ट घड्याळावर ३० सेकंदांचा ईसीजी घ्या, हात टेबलावर टेकवून. तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती मिनिटं चालली, चक्कर किंवा धाप होती का, एवढं लिहा. एकच ठोका चुकून पुढचा जोरात लागत असेल तर तो बहुधा एक्टोपिक, म्हणजे वेळेआधी पडलेला सुटा ठोका.

घड्याळ एका ठिकाणी हमखास चकतं. नाडी १२०-१५० वर अडकलेली, अगदी घड्याळी नियमित, आडवं पडा नाहीतर चाला, आकडा हलत नाही. हा फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्याचा अतिवेगवान पण नियमित ताल, असू शकतो. ताल नियमित असल्यामुळे घड्याळ त्याला 'फिब्रिलेशन नाही' म्हणून मोकळं होतं. अशा वेळी दवाखान्यात बारा लीडचा ईसीजी काढून घ्या.

उत्तर ३
जांघेतली वाटाण्याएवढी, न दुखणारी गाठ काही आठवड्यांत विरते. ती वाढली, बोटाखाली ठोके देऊ लागली किंवा पाय गार पडला तर त्याच दिवशी सोनोग्राफी.

याहून महत्त्वाचं: पहिल्या दोन महिन्यांत ताप, गिळताना दुखणं, छातीत नव्याने कळ, बोलणं अडखळणं किंवा हातपाय लुळा पडणं, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सीत जा आणि 'अ‍ॅब्लेशन झालंय' हे पहिलं वाक्य असू द्या. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याच्या मागेच अन्ननलिका असते. क्वचित दोघांत भोक पडतं. त्याची शंका असताना एंडोस्कोपी करायची नसते, कारण आत सोडलेली हवा मेंदूपर्यंत जाऊ शकते. आधी छातीचा सीटी. आठवड्या-महिन्यांनी वाढत जाणारी धाप, खोकला, थुंकीत रक्त आलं तर फुप्फुसाकडून येणारी शीर आकसली आहे का, हे पाहावं लागतं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल: किमान दोन महिने खंड नको. पुढचं तालावर नाही, वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात या धोक्यांवर ठरतं. ताल सुरेख असूनही अनेकांना ती कायम घ्यावी लागते.

उत्तर २
त्यात एक भर. अ‍ॅपिक्साबॅन आणि रिव्हारॉक्साबॅन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. अ‍ॅपिक्साबॅनची वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवताच घ्या, पुढच्या वेळी दोन घेऊ नका. रिव्हारॉक्साबॅनची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच, उपाशीपोटी ती पुरेशी शोषली जात नाही. आणि दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामकं रक्त पातळ करणाऱ्या गोळीसोबत घेतली तर रक्तस्राव वाढवतात.