मुलं म्हणतात "मला दिसतं", तेव्हा तुम्ही काय म्हणालात?

सुरुवात माझ्यापासून करते. जानेवारीत गड्ड्याला (सोलापूरच्या जत्रेला) गेलो होतो. पाळण्याच्या रांगेत लेक (वय ८) हातातलं तिकीट दाखवत म्हणाली, "आई, सत्तावीस बघ, अर्धा पांढरा, अर्धा हिरवा." मी म्हणाले, "काहीतरीच बोलतेस." त्यावर ती जी गप्प झाली, ती पार उन्हाळ्यापर्यंत. मग तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर शून्य ते नऊ आकडे रंगवलेले सापडले. वही लपवून ठेवली आणि दोन महिन्यांनी पुन्हा रंगवायला सांगितलं. तीनचा मळकट पिवळासुद्धा तोच! आकडे असे रंगात दिसण्याला सिनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे एका संवेदनेसोबत दुसरी आपोआप जागी होणं. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८० मध्येच आकडे असे दिसणाऱ्या लोकांबद्दल लिहिलंय. हा आजार नाही. पण घरातल्या एकांनी "पोरीत दैवी अंश आहे" म्हणत तिला मटक्याचा आकडा विचारला, तेव्हा मात्र मी कडाडून भांडले.

तुमच्या घरी काय घडलं? तोंडून निघालेलं पहिलं वाक्यही लिहा.

एक बाबा, पूर्व भाग
माग विकून टाकला, त्याच वर्षी वडील गेले. मुलगा सहा वर्षांचा. रात्री अंथरुणात म्हणायचा, "आजोबांचा माग चालू झाला." मी म्हटलं, "कसा वाजतोय, मला ऐकव की." त्याने खाटेच्या कडेवर बोटांनी ठेका धरला, खटक खटक, आणि मध्येच थांबला. कांडी बदलायला वडील थांबायचे तसा. माझ्या अंगावर काटा आला. बालरोगतज्ज्ञांनी एकच विचारलं, "दिवसा ऐकू येतो का?" दिवसा येत नव्हता. झोप लागता लागता असे आवाज बऱ्याच जणांना ऐकू येतात, म्हणाले. श्रावण संपेपर्यंत बंद झालं. तो बरा झाला, पण मलाच चुटपुट लागून राहिली.

एक आई, विजापूर रोड
माझं वाचून कुणी तरी वेळेत जागं व्हावं, म्हणून लिहितेय. मुलगा दहा वर्षांचा. अचानक म्हणायचा, "काहीतरी जळतंय, पोटातून वर काहीतरी येतंय." मग एकटक बघत ओठ चाटायचा. हाक मारली तरी ओ नाही. शुद्धीवर आला की म्हणायचा, "हे सगळं आधी घडलंय." सासरी ठरलं, की याला पुढचं दिसतं. लोक येऊन पाया पडायला लागले. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे, हे मला माहीत होतं. पण घरातल्याच माणसांपुढे तोंड उघडलं नाही. आठ महिने अंगारे-धुपारे झाले. शेवटी माझ्या भावाने मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवला. ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) झाला, फिट्सचं निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या. पोराने विचारलं, "म्हणजे आता माझ्या पाया कुणी पडणार नाही?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. जवळ घेऊन बसले.

एक ताई, वय २२
मी पालक नाही, असं मूल होते. मला तलावाच्या पायऱ्यांवर एक मुलगी दिसायची, माझ्याशी खेळायची. अज्जीने कधी खोटं पाडलं नाही, कुणाला कौतुकानं सांगितलंही नाही. नुसतं विचारायची, "ती जेवली का गं?" आणि ताटात शेंगाचटणी वाढायची. एकच ताट. दुसरं मी कधी मागितलंच नाही.