मदत हवी आहे : वर फेकलेल्या चेंडूची उंची, वर्गसमीकरण आणि ऋण उत्तर

२५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सरळ वर २० मीटर प्रतिसेकंद वेगाने फेकला. गुरुत्वत्वरण १० धरलं, तर क्ष सेकंदांनी उंची = २५ + २०क्ष − ५क्ष².

जमिनीवर उंची शून्य. −५ ने भागून क्ष² − ४क्ष − ५ = ०, म्हणजे (क्ष − ५)(क्ष + १) = ०. क्ष = ५ किंवा −१. उत्तर ५ सेकंद.

चेंडू ४० मीटरवर कधी, असं विचारलं की मुलं अडखळतात. उजवीकडचे ४० तसेच ठेवून डावीकडचे अवयव पाडतात आणि प्रत्येक अवयव ४० ला समान धरतात. गुणाकार शून्य असेल तरच एखादा अवयव शून्य असतो, हे निसटतं. आधी ४० डावीकडे आणा : क्ष² − ४क्ष + ३ = ०, क्ष = १ किंवा ३. जाताना एकदा, येताना एकदा. दोन्ही उत्तरं खरी.

मला दोन गोष्टी हव्या आहेत.

पहिली, −१ चा अर्थ मुलांना कसा सांगता? 'वेळ ऋण नसते, सोडून द्या' हे मला पटत नाही. तोच वक्र मागे वाढवला तर फेकण्याच्या १ सेकंद आधी तो जमिनीला टेकतो. हे आलेख न काढता पोचवता येईल का?

दुसरी, गुरुत्वत्वरण १० ऐवजी ९.८ घेऊनही अवयव पडतील अशी उदाहरणं. २४.५ + १९.६क्ष − ४.९क्ष² चालतं, कारण सगळे सहगुणक ४.९ च्या पटीत आहेत. पण मधलं पद खरोखर फोडावं लागेल, ५क्ष² − २३क्ष − १० सारखं (−२५ आणि +२), असं कुणाकडे आहे का?