मेक्सिकोतील कला-इतिहासकार : विद्यापीठ की संग्रहालय?

प्रश्न : मेक्सिकोच्या प्राचीन कलेवर पुरातत्त्वाचा मोठा पगडा आहे. अशा वेळी कला-इतिहासकाराची कारकीर्द नेमकी कुठे घडते?

प्रतिसाद १ : बेआत्रिस दे ला फुएन्ते (१९२९–२००५) यांचे उदाहरण पाहावे. त्यांची कारकीर्द मुख्यतः मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठात घडली. ओल्मेकांच्या (मेक्सिकोतील एका प्राचीन संस्कृतीच्या लोकांच्या) बसाल्टमधील महाकाय मस्तकांकडे केवळ उत्खननातील पुरावा म्हणून न पाहता, जाड ओठ, बसके नाक आणि प्रत्येकाचे वेगळे शिरस्त्राण यांतून घडणारी शैली त्यांनी वाचली. पुढे १९९० मध्ये त्यांनी स्पॅनिशपूर्व भित्तिचित्रांच्या नोंदणीचा प्रकल्प उभा केला. माझ्या मते त्यांचे खरे मोठे काम हेच, कारण भिंतीवरचा रंग ऊन, दमट हवा आणि क्षार यांपुढे फार काळ टिकत नाही.

प्रतिसाद २ : संग्रहालयाची बाजू पाहायची तर फर्नांदो गाम्बोआ! ते मूळचे चित्रकलेचे विद्यार्थी, पण प्रदर्शनाची मांडणी हीच त्यांची विद्या झाली. ओरोस्को, रिवेरा व सिकेरोस या मेक्सिकन चित्रकारांच्या चित्रांचे प्रदर्शन चिलीची राजधानी सांतियागोत १३ सप्टेंबर १९७३ रोजी उघडायचे होते आणि ११ तारखेला चिलीत लष्कराने सत्ता बळकावली. ती चित्रे सुखरूप मायदेशी नेण्याची जबाबदारी गाम्बोआंनी पार पाडली. (पदव्युत्तर अभ्यासक्रमात हे कोण शिकवणार?)

प्रश्नकर्ता : आभारी आहे. भित्तिचित्रांच्या प्रकल्पापासूनच वाचनाला सुरुवात करतो.