मदत हवी आहे: पोकरमध्ये गुलामांची जोडी, राण्यांची जोडी आली की नेमकं खेळायचं कसं?

शुक्रवारबाजार:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा विचारतोय. थोडं लांबेल पण प्लीज पूर्ण वाचा.

आधी खेळ कसला ते सांगतो म्हणजे त्यावरून वाद नको. मी म्हापशाचा. आम्ही सहा जण, कॉलेजचे चार मित्र, मी आणि माझा पेडण्याचा मामेभाऊ, दर गुरुवारी रात्री साडेनऊला ऑनलाइन प्रायव्हेट टेबलवर नो-लिमिट होल्डेम पोकर खेळतो (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलवर सगळ्यांसाठी पाच, आधी तीन म्हणजे फ्लॉप, मग एक टर्न, शेवटचा रिव्हर), फुकटच्या चिप्सवर. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला, त्यात पैशांचं ऑनलाइन पोकर बंद झालं, आणि मांडवीतल्या कॅसिनोंमध्ये १ फेब्रुवारी २०२० पासून आम्हा गोंयकारांना खेळायला बंदी, त्यामुळे पणजीला गेलो की पुलावरून बोटींचे दिवे बघायचे एवढंच. पण पैसे नाहीत म्हणून आम्ही कसंही खेळतो असं अजिबात नाही. चवथीला मामाच्या घरी रात्रभर पत्ते खेळत मोठे झालोय आम्ही, मला हा खेळ नीट शिकायचाच आहे. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पत्ते बघायच्या आधीच घालायची रक्कम, ५०-१००, प्रत्येकाकडे १०,०००, म्हणजे १०० बिग ब्लाइंड.

आता प्रॉब्लेम. एक्के किंवा राजे आले की काय करायचं ते कळतं. छोटी जोडी आली तर सेट, म्हणजे तसाच तिसरा पत्ता, लागला तर लागला, नाहीतर सोडायची, तेही कळतं. मधल्या तीन जोड्यांवर अडकतं, दश्श्या, गुलाम आणि राण्या. गेल्या तीन महिन्यांची हॅण्ड हिस्ट्री काढून बसलो तर ह्या तीन जोड्यांवर मी मायनसमध्ये आणि अठ्ठ्या-नव्व्यांवर प्लसमध्ये! पत्ते चांगले आणि निकाल वाईट, हे होतं कसं?

पहिला हॅण्ड. मी कटऑफवर, म्हणजे बटनच्या (फ्लॉपपासून सगळ्यात शेवटी खेळणाऱ्याच्या) एक जागा आधी, हातात इस्पिक गुलाम आणि बदाम गुलाम. माझ्या आधीच्या दोघांनी नुसता लिंप केला, म्हणजे न वाढवता १०० घातले, मी ३०० रेज, तर बटनचा कॉल (तेवढेच घातले), बिग ब्लाइंडचा कॉल आणि दोन्ही लिंपवाले पण आत. पाच जण, पॉट १,५५०. फ्लॉप किलवर राणी, किलवर अठ्ठी, चौकट पंजी. माझ्या आधीचे सगळे चेक (काही न घालता पुढे), मी १,००० मारले, बटन आणि एक लिंपवाला राहिले. टर्नला किलवर राजा. लिंपवाला चेक, मी चेक, बटनने २,५०० मारले, लिंपवाल्याने कॉल केलं आणि मीपण केलं, का केलं ते आजही सांगता येत नाही, जोडी सोडवत नव्हती. रिव्हरला तिर्री, बटन ऑल-इन (उरलेल्या सगळ्या चिप्स), दुसऱ्याने कॉल केलं, मी सोडलं. बटनकडे किलवर सत्ती-छक्की, फ्लश, म्हणजे एका रंगाचे पाच. दुसऱ्याकडे राजा-राणी. माझे ३,८०० गेले.

दुसरा त्याच्या बरोब्बर उलट. बटनवर राण्यांची जोडी. मामेभावाने पहिल्या जागेवरून ३०० केले, मी ९००, ब्लाइंड दोघेही गेले, त्याने परत २,२०० केले. पहिल्या हॅण्डची भीती मनात होती, मी सोडून दिलं. त्याने पत्ते दाखवले, एक्का-राजा.

म्हणजे जिथे सोडायचं तिथे चिकटलो आणि जिथे थांबायचं तिथे पळालो. फ्लॉपच्या आधी किती रेज करायचा आणि वरचा पत्ता पडला की कशावरून ठरवायचं, एवढं समजावून सांगाल का कोणी?

डिचोली_बटन:
भावा, तुझा पहिला हॅण्ड टर्नला नाही, त्या ३०० लाच बिघडला. दोन लिंप झालेले असताना ३०० म्हणजे सगळ्यांना आत बोलावणंच. माझा हिशोब, साधा रेज ३ ब्लाइंड असेल तर प्रत्येक लिंपमागे एक वाढवायचा, आणि टेबल कॉल करणारं असेल तर वर अजून एक-दोन. तुमच्याकडे चिप्स फुकटच्या, लोक सहज सोडत नाहीत, म्हणजे ६५०-७०० पाहिजेच होते. आकडे बघ, गुलामांची जोडी समोरच्या एका अनोळखी हाताविरुद्ध सरासरी ७७ टक्के जिंकते, पण समोर असे चार जण शेवटपर्यंत राहिले तर ४० च्या आसपास येते. चौघांतल्या एकेकट्याशी तुलना केलीस तर ती अजून पहिल्या नंबरवर आहे, पण दहातल्या सहा वेळा पॉट दुसरं कोणीतरी नेणार. पत्ते तेच असतात रे, माणसं वाढतात.

आणि भीतीचं म्हणशील तर सहा जणांच्या टेबलवर तुझ्याकडे गुलाम असताना बाकी पाचांत कोणाकडे राण्या, राजे किंवा एक्के असण्याचा चान्स शंभरात सात. फ्लॉपच्या आधी घाबरायचं कारण नाही. भीती फ्लॉपला. राणी, राजा, एक्का यांपैकी निदान एक तरी ५७ टक्के वेळा पडतोच. राण्यांच्या जोडीला तेच ४१, आणि दश्श्यांना जवळजवळ ७०. म्हणून ह्या तिन्ही जोड्या एकाच दोरीत बांधू नकोस, राण्या आणि दश्श्या यांत केवढा फरक आहे बघ.

अंत्रुजकन्या:
डिचोलीच्या दादांशी सहमत, पण फ्लॉपबद्दल मला वेगळं सांगायचंय. वरचा पत्ता पडला म्हणजे सोडा असं नाही, आणि आपण रेज केला होता म्हणून मारायलाच हवं असंही नाही. समोर किती जण आहेत ते आधी मोजा. एकटा असेल आणि बोर्ड (टेबलवरचे पत्ते) सुका असेल, म्हणजे राजा-सत्ती-दुर्री तीन रंगांचे वगैरे, तर पॉटचा तिसरा हिस्सा मारा, त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच लागलेलं नसतं. पण तुमच्या फ्लॉपला चार जण, दोन किलवर, राणी वर आणि खाली सिक्वेन्सची जागा, तिथे चेक करून पुढचा पत्ता फुकट बघायला मी कमीपणा मानत नाही. टर्नला तर प्रश्नच नव्हता. एक जण मारतो, दुसरा त्याच्यावर कॉल करतो, आणि बोर्डवर राजा, राणी, तीन किलवर. तुमच्या हातात किलवरचा गुलाम असता तर निदान विचार केला असता, तुमच्याकडे इस्पिक आणि बदाम. तिथे गुलामांची जोडी म्हणजे फक्त तिसऱ्या नंबरची जोडी उरते. जोडीला आपण फ्लॉपच्या आधी जो मान देतो तो टर्नपर्यंत तसाच धरून बसतो, मलाही हे सुटायला खूप वेळ लागला.

इंग्रजीत गुलामांच्या जोडीला फिशहूक म्हणतात ते माहीत असेल, पत्त्यावरच्या J अक्षराचा आकार गळासारखा म्हणून. मासा गळाला लागतो तो आमिष सोडवत नाही म्हणूनच ना.

शुक्रवारबाजार:
ताई, हे अगदी पटलं. आणि राण्यांचं? तिथे सोडलं ते चूकच का?

डिचोली_बटन:
हिशोब करू. तुला अजून १,३०० घालायचे होते आणि पॉटमध्ये होते ३,२५०. १,३०० भागिले ४,५५०, म्हणजे २९ टक्के जिंकलास तरी बरोबरी. आता तो राजे, एक्के आणि एक्का-राजा एवढ्यावरच फोर-बेट, म्हणजे तुझ्या ९०० वर केला तसा परत रेज, करतो असं धर. राजांचे ६ जोड (म्हणजे ते दोन पत्ते हातात येण्याचे प्रकार), एक्क्यांचे ६, एक्का-राजाचे १६. ह्या २८ विरुद्ध राण्यांना ४० टक्के मिळतात. पोझिशनही तुझी होती, फ्लॉपपासून तू त्याच्यानंतर खेळणार होतास. कॉल सरळ आहे.

पेडणे_टेबल:
थांबा थोडं. हा हिशोब माणूस बघून करायचा. माझ्या टेबलवर एक काका आहेत ते वर्षात दोनदा फोर-बेट करतात आणि दोन्ही वेळा एक्के किंवा राजेच असतात. त्यांच्याविरुद्ध राण्यांना १९ टक्केसुद्धा मिळत नाहीत आणि पाहिजेत २९, तिथे मी न बोलता पत्ते टाकतो. तुझा मामेभाऊ कुठल्या जातीचा खेळाडू ते तूच सांग. हिस्ट्री आहे ना तुझ्याकडे?

शुक्रवारबाजार:
आत्ताच बसून काढली. तीन महिन्यांत त्याचे पाच फोर-बेट, पत्ते चारदा दिसले, तीनदा एक्का-राजा आणि एकदा राजे. म्हणजे कॉलच होता. हे आधी बघायला पाहिजे होतं, हिस्ट्री असूनही मी फक्त स्वतःचेच हॅण्ड बघत होतो.

शुक्रवारबाजार:
शुक्रवार सकाळची अपडेट, काल खेळलो. गुलाम आले, परत कटऑफ, परत दोन लिंप. ७०० केले, एकच जण राहिला. फ्लॉप राजा-सत्ती-तिर्री, तीन रंग, त्याने चेक केलं, पॉट १,६५० होता, मी ५५० मारले, त्याने सोडलं. गेल्या महिन्यात मी इथे चेक करून रिव्हरपर्यंत घाबरत बसलो असतो.

मग अकराच्या सुमारास राण्या, आणि समोर मामेभाऊच! त्याचे ३००, माझे ९००, त्याचे २,२००. ह्या वेळी कॉल केलं. फ्लॉप एक्का-नव्वी-चव्वी. त्याने २,००० मारले आणि मी सोडलं. पत्ते दाखवले नाहीत त्याने. रात्रभर डोक्यात तेच, कॉल करायला सांगितलंत तुम्ही आणि एका फ्लॉपवर मी परत पळालो का?

अंत्रुजकन्या:
नाही हो, पळाला नाहीत. मोजून बघा. एक एक्का बोर्डवर आला म्हणजे एक्क्यांचे जोड राहिले ३, एक्का-राजाचे १२, राजांचे तेच ६. फ्लॉपच्या आधी २८ पैकी १६ जोडांच्या तुम्ही पुढे होता. आता २१ पैकी एकाच्याही नाही. पत्त्यांत तुमच्या उपयोगाच्या दोन राण्या फक्त.

शुक्रवारबाजार:
हे मी कागदावर लिहून लॅपटॉपजवळ ठेवतोय. देव बरें करूं सगळ्यांचं. पुढच्या गुरुवारनंतर दश्श्यांचे हॅण्ड टाकतो.