पोकरमधल्या 'चेक'ला मराठीत काय म्हणाल?

सांजवारा: भाचीसाठी टेक्सास होल्डेम या पोकरच्या प्रकारावर एक टिपण मराठीत लिहितेय आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडकले. तुमच्याकडे इस्पिक आणि चौकट नव्वी, म्हणजे नव्व्यांची जोडी. टेबलावर उघडी पानं तीन: बदाम अठ्ठी, बदाम सत्ती, किल्वर तिर्री. या घडीला बहुधा तुम्हीच पुढे. पण न दिसलेल्या 47 पानांपैकी 20 पानं दश्शी ते एक्का यांतली आहेत. त्यातलं एक आलं की समोरच्याची मोठी जोडी लागू शकते. बदामाची दोन पानं धरून बसलेल्याची भीती वेगळीच, आणखी एक बदाम आलं की त्याची पाच पानं बदामाची होतात. मग पैसे लावून पुढचं पान त्याला महाग करायचं, की काही न लावता फुकट बघू द्यायचं? 'बेट'ला, म्हणजे पैसे लावण्याला, मी 'बोली' लिहिलं. 'चेक'ला, म्हणजे काही न लावता खेळात राहण्याला, काय लिहू? आणि आत्ता पुढे पण सहज मागे पडतील अशा पानांना? 'असुरक्षित हात' लिहून बघितलं, मन मानत नाही.

माळकर: 'हात' आधी काढा. आपल्याकडे हात म्हणजे फेरीत जिंकलेली पानं. पाच-तीन-दोनमध्ये आपण हात करतो. वाटून आलेली ती 'पानं'. "पानं कशी आलीत?" असंच विचारतो ना? आणि बोली लिलावाची. इथे 'चाल' हवं, तीन पत्तीत रूढ आहे.

किल्वरराणी: म्हणूनच तर चेकला शब्द सापडत नाहीये, माळकरदादा. तीन पत्तीत पाळी आली की चाल करा नाहीतर पॅक व्हा, म्हणजे पानं टाकून बाहेर पडा. काहीच न लावता खेळात राहायची सोय नाही. जी गोष्ट आपण खेळलोच नाही तिला शब्द कुठून असणार? सरळ 'पास' लिहा.

सांजवारा: पासने अर्थ बिघडतो, ताई. बदाम सातमध्ये लावायला पानच नसलं की आपण पास म्हणतो. चेक करणारा नाइलाजाने थांबत नाही. कधीकधी तर दुसऱ्याने लावावं आणि आपण वाढवावं म्हणूनच थांबतो.

शब्दवेध: 'शह' घ्या. इंग्रजी चेक मूळ फारसी 'शाह'वरून, जुन्या फ्रेंचमधून आलेला. बुद्धिबळातला आपला शहही त्याच कुळातला. घरात शब्द असताना उसना कशाला?

माळकर: कूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. शह देणं म्हणजे अंगावर जाणं, चेक करणं म्हणजे अंगावर न जाणं. वाचणारा नेमकं उलटं खेळेल. शिवाय फारसीतून आला तो घरचा आणि इंग्रजीतून आला तो परका, हे मला पटत नाही.

शब्दवेध: शह पिढ्यान्‌पिढ्या रुळलाय. राजकारणातही शह-काटशह म्हणतो आपण. 'चेक' म्हटलं की मराठी माणसाला बँक आठवते.

मांडवीकाठ: पणजीत कॅसिनोत सहा वर्षं पानं वाटली. मराठी, कोकणी, हिंदी बोलणारे सगळे चेकच म्हणतात. बरेचजण तर बोलतही नाहीत, बोटांनी टेबलावर टकटक करतात. दुसऱ्या शब्दाचं सांगतो. माझी आजी सावंतवाडीची. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, चारी जिंकायच्या असतात. पाठीशी एक्का-राजा नसलेल्या दश्शीला ती 'उघडी मेंढी' म्हणायची. "जोडीदाराचा एक्का पडलाय तोवर काढून टाक, मागाहून मारली जाईल." तुमच्या नव्व्यांची गत तीच.

सांजवारा: आजींचा शब्द अगदी नेमका आहे! पण टेबलावरच्या पानांनाही मी 'उघडी'च लिहिलंय.

किल्वरराणी: मग 'बिनराखणीची जोडी' म्हणा. मेंढीला राखण लागतेच.

माळकर: आमच्या बार्शीकडे 'मेंडी' म्हणतात, ढ नाही. मेंढराशी संबंध नसावा.

मांडवीकाठ: आमच्याकडे ढच. चारी हाती लागल्या की आजी म्हणायची, "कळप आला घरी."

शब्दवेध: आणि कोट म्हणजे तटबंदी. मेंढ्या कोंडायची जागा. चोख जुळतं.

माळकर: नाही जुळत. चारी मेंढ्या गेल्या की कोट हरणाऱ्यावर चढतो. मेंढ्या जिंकणाऱ्याकडे असतात, मग तटबंदी हरणाऱ्याला कशी?

सांजवारा: चेकसाठी तूर्त 'थांबला' लिहिलंय. भाचीने वाचून विचारलं, तो खेळातून उठला का? म्हणजे हाही गेला.

शब्दवेध: माळकर, 'कोट चढणे' की 'कोट लागणे'? तुमच्याकडे दोन्ही म्हणतात का?