मदत हवी आहे: मुलगा पडला, फॉर्मवर सही आहे, तरी नोटीस पाठवणार म्हणतात

उंचउडी (रविवार, रात्री ९.१०)
तातडीचं आहे म्हणून थेट विचारतो. काल आमच्याकडे एक मुलगा पडला, कोपराच्या वरचं हाड मोडलं. फॉर्मवर सही आहे. 'इजा झाल्यास व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही' असं त्यात ठळक अक्षरांत छापलंय, दारात नियमांचा बोर्डही आहे. तरी मुलाचे वडील वकिलाची नोटीस पाठवणार म्हणतात. फॉर्म असताना ते काही करू शकतात का? हो की नाही, एवढंच सांगा. उद्या सकाळी त्यांचा फोन येणार आहे.

निशिगंध (९.१६)
आमच्याकडे म्हणजे कुठे? शाळा, बाग, तलाव, काय आहे? मुलगा किती वर्षांचा? सही कोणाची? देश कोणता? यातलं काहीच लिहिलं नाहीत तर हो-नाही कोण सांगणार?

उंचउडी (९.२१)
ट्रॅम्पोलिन पार्क. वय ९. सही पालकांची. ठिकाण लिहिणार नाही, प्रकरण पुढे गेलं तर हाच धागा कोणीतरी दाखवेल. ढोबळ उत्तर चालेल.

मुक्ता_वकील (९.३८)
ढोबळच सांगते. फक्त फॉर्मच्या भरवशावर राहू नका. इंग्लंडमध्ये १९७७ पासून कायदाच आहे की आपल्या निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू किंवा शारीरिक इजा यांची जबाबदारी व्यावसायिकाला करार करून किंवा फलक लावून झटकता येत नाही. भारतात १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून अल्पवयीनाचा करार मुळातच शून्य धरतात, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकावर लादलेल्या अनुचित कराराला आव्हान द्यायची वाट करून दिली. अमेरिकेत राज्यागणिक वेगळं: पालकाने मुलाच्या वतीने केलेली सही काही ठिकाणी मानतात, काही ठिकाणी नाही.
म्हणून फॉर्म निरुपयोगी आहे असं नव्हे. धोका काय आहे हे तुम्ही आधी सांगितलं होतं, याचा तो पुरावा आहे. पण त्या जागी तुम्ही काळजी घेतली होती का, हा प्रश्न फॉर्मने मिटत नाही. तिथे त्या वेळी काय घडलं ते लिहा.

कडेलोट (९.५०)
इतकं घाबरवू नका हो त्यांना. जो जोखीम ओळखून स्वतः उतरतो त्याला नंतर तक्रार करता येत नाही, हे तत्त्व जुनं आहे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर एक सरकता पट्टा होता, नावच 'द फ्लॉपर'. लोक धडपडावेत म्हणूनच तो केलेला. एक तरुण पडला, गुडघ्याची वाटी मोडली, खालच्या कोर्टात जिंकलासुद्धा. १९२९ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. पडण्यातच तिथली गंमत होती आणि ती त्याला आधीच दिसत होती, असं कारण दिलं. ट्रॅम्पोलिनवर माणूस पडणारच. ठाम राहा.

मुक्ता_वकील (९.५८)
कडेलोट, तो धडधाकट तरुण होता, हे ९ वर्षांचं पोर आहे. १९२२ चं ग्लासगोचं प्रकरण बघा. पालिकेच्या वनस्पती उद्यानात ७ वर्षांच्या मुलाने झुडपावरची टपोरी विषारी फळं खाल्ली आणि तो गेला. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटनच्या सर्वोच्च कोर्टाने, वडिलांचा दावा चालवण्याजोगा ठरवला. मुलाला मोह पडेल अशी वस्तू ठेवली तर मोठ्यांपुरती सूचना पुरत नाही. 'जोखीम ओळखून उतरला' हे वाक्य लहान मुलाच्या बाबतीत फार जपून वापरावं लागतं.

दोरखंड (१०.०५)
माझी क्लाइंबिंग वॉल होती, ११ वर्षं चालवली. कायद्याचं नंतर बघा, आधी विमा कंपनीला कळवा. पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे आलेल्या लोकांना इजा झाली तर भरपाई देणारा विमा, आहे ना? आमच्याकडे एकीचा घोटा मुरगळला होता, किरकोळ वाटलं म्हणून कळवलं नाही. दोन महिन्यांनी दावा आला आणि कंपनीने उशिराचं कारण पुढे करून हात वर केले. आज रात्रीच ईमेल टाका, वेळेसकट. आणि त्यांना न विचारता वडिलांना पैशांचा शब्द देऊ नका. बहुतेक पॉलिसींमध्ये तशी अट असते.

उंचउडी (१०.१४)
पॉलिसी आहे, उद्या बघतो. मला फॉर्मबद्दल विचारायचं होतं आणि त्याचंच सरळ उत्तर मिळत नाही.

निशिगंध (१०.१७)
मिळालं की, मुक्ताताईंनी दिलं. 'पालकांची' सही म्हणजे आईची की वडिलांची?

उंचउडी (१०.२६)
आता फाइल काढून पाहिली. वाढदिवसाचा ग्रुप होता, १४ मुलं. सगळ्या फॉर्मवर एकाच बाईंची सही आहे, ज्यांच्या मुलाचा वाढदिवस होता त्यांची. अक्षर एकच. घाईत कोणी बघितलं नसावं.

मुक्ता_वकील (१०.२९)
म्हणजे या मुलाच्या पालकांनी कशावरही सही केलेली नाही. त्या बाईंना त्याच्या वतीने सही करायचा अधिकार नव्हता. फोनवर फॉर्मचा विषय काढू नका.

सावधान_इंडिया_वाचक (१०.३३)
फायर एनओसी (अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला) आहे का तुमच्याकडे? मे २०२४ मध्ये राजकोटच्या गेम झोनला लागलेली आग आठवा, तिथे एनओसी नव्हतं. १९९७ मध्ये दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसं गेली. जादा खुर्च्या टाकून बाहेर पडायची वाट अडवली होती. फोम पिट (स्पंजच्या ठोकळ्यांनी भरलेला उड्यांचा खड्डा) पेटला तर धूर किती होईल, विचार केलाय का?

दोरखंड (१०.३६)
मुद्दा खरा आहे, पण त्यांनी हे विचारलेलं नाही. वेगळा धागा काढा, मीही लिहीन.

मऊमाती (१०.४१)
फोनवर पहिलं वाक्य 'मुलगा कसा आहे?' हे असू दे. माफी मागा. माझी मुलगी एका झोक्यावरून पडली तेव्हा तिथलं कोणी विचारायलासुद्धा आलं नाही. आमचा सगळा राग त्याचा होता, हाडाचा नव्हता.

कडेलोट (१०.४४)
माफी अजिबात नको! माफी म्हणजे कबुली. कोर्टात तेच वाचून दाखवतील.

मुक्ता_वकील (१०.५२)
सरसकट तसं नाही. इंग्लंड-वेल्समध्ये २००६ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की माफी मागणं किंवा उपचाराची तयारी दाखवणं, एवढ्यानेच जबाबदारी कबूल केली असं होत नाही. कॅनडात ब्रिटिश कोलंबियानेही त्याच वर्षी तसा कायदा केला. सगळीकडे असं संरक्षण नसतं, म्हणून शब्द जपून वापरा. 'त्याला लागलं याचं फार वाईट वाटतंय' म्हणा. 'आमच्या माणसाचं लक्ष नव्हतं' असं तपासाआधी म्हणू नका. मऊमातीताईंचं पहिलं वाक्य मात्र तसंच्या तसं वापरा.

जिम्नॅस्ट_बाबा (११.०२)
कोणी मूळ गोष्ट विचारतच नाहीये. एका बेडवर, म्हणजे उड्या मारायच्या एका ताणलेल्या कापडावर, किती जण होते? मी मुलांना शिकवतो. जड मूल आधी उतरलं की कापड खाली ताणलं जातं, आणि ते वर फेकलं जात असतानाच हलकं मूल त्यावर टेकलं की त्याला दुसऱ्याचाही जोर मिळतो. त्याला तो आवरता येत नाही, हात टेकायला जातो आणि कोपराशी मोडतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ च्या निवेदनात म्हटलंय की ट्रॅम्पोलिनवरच्या सुमारे तीन चतुर्थांश इजा एकाहून अधिक जण उड्या मारत असताना होतात. तुमची इजा तशीच वाटते. ट्रॅम्पोलिन पार्कांसाठी आयएसओ २३६५९ हे मानक २०२२ पासून आहे, समोरचा वकील त्यावर बोट ठेवणार. कॅमेरे आहेत ना?

उंचउडी (११.०६)
आहेत. डीव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) सात दिवसांचं ठेवतो, मग वरून लिहितो. अजून पाहिलं नाही. धीर झाला नाही.

जिम्नॅस्ट_बाबा (११.०८)
आत्ता जा. आधी कॉपी काढा, मग बघा.

दोरखंड (११.१०)
घटनेआधीचा आणि नंतरचा तासही घ्या. नुसती दोन मिनिटं कापून ठेवली तर 'बाकीचं का पुसलंत' असं विचारतील. आणि त्या बेडला हात लावू नका, आधी फोटो.

उंचउडी (रात्री १२.३१)
पार्कवर आलोय. कॉपी घेतली, दोन ड्राइव्हवर. पाहिलं. मुलगा एकटा उड्या मारत होता. शेजारच्या बेडवरून एक मोठा मुलगा त्याच्या बेडवर आला, दोन उड्या झाल्या आणि तिसरीला हा बाजूला फेकला गेला. हात बेडच्या कडेला, दोन पॅडच्या मधल्या फटीत गेला. मार्शल (मुलांवर लक्ष ठेवणारा आमचा माणूस) त्या वेळी पाठ करून एका लहान मुलीला ग्रिप सॉक्स घालत होता. साधारण ४० सेकंद. पोरगा चांगला आहे, दोन वर्षं आहे आमच्याकडे. उड्यांच्या त्या भागात दोन मार्शल हवे होते, एक सुट्टीवर होता, ते मला माहीत होतं.
आणखी एक. ती फट आता नाही. आज सकाळी कोणीतरी तिथे नवी टेप मारली आहे.

कडेलोट (१२.३६)
मग माझं म्हणणं मागे घेतो. इथे ठाम राहून उपयोग नाही. विमा कंपनीला सगळं खरं सांगा.

पाणबुडी (१२.३८)
मध्येच विचारते, आमच्या तलावावर जीवरक्षक नाही, फक्त 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहावे' असा फलक आहे. तेही चालत नाही का मग?

मुक्ता_वकील (१२.४५)
पाणबुडी, उद्या उत्तर देते.
उंचउडी, त्या मार्शलवर ढकलू नका. नोकर कामावर असताना चुकला तर मालकच जबाबदार असतो, आणि दुसरा माणूस न लावण्याचा निर्णय तुमचाच होता. हजेरीपट, मार्शलच्या प्रशिक्षणाची नोंद, बेड तपासल्याची वही, सगळं एका फाइलमध्ये घाला आणि ती जपून ठेवा. लहान मुलांच्या दाव्याची मुदत बऱ्याच देशांत ते सज्ञान होईपर्यंत सुरूच होत नाही. इंग्लंडमध्ये हा मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत दावा लावू शकला असता. म्हणजे आणखी १२ वर्षं.
आता टेपचं. दुरुस्ती केली हा गुन्हा नाही, ती करायलाच हवी होती. पण लपवलंत असं दिसायला नको. कोणी लावली, कोणाच्या सांगण्यावरून, किती वाजता, ते ज्याने लावली त्याच्याच अक्षरात लिहून घ्या, खाली तारीख. फट आधीपासून होती का आणि कोणी कळवलं होतं का, तेही. जुनी टेप काढली असेल तर ती कुठे आहे?

उंचउडी (१२.४९)
मागच्या पिंपात असणार. कचऱ्याची गाडी सोमवारी पहाटे येते. चाललो.