आजोबांचा कापलेला नकाशा
माझे आजोबा भूशास्त्रज्ञ. भूशास्त्रज्ञाच्या घरी फिल्ड सीझन, म्हणजे बाहेर फिरून खडक तपासायचे महिने, संपला की मगच बाप दिसतो म्हणतात, आमच्याकडेही अगदी तसंच. पण आजोबा घरी आले की पूर्ण आमचे असायचे. ९२ वर्षं जगले, भिंग शेवटपर्यंत उशाशी. आम्हा नातवंडांपुढे दोन पांढरे दगड ठेवायचे, म्हणायचे ओळखा, मग चाकूने ओरखडा काढायचा, कॅल्साइटवर उमटतो कारण खनिजांच्या १ ते १० या मापावर त्याची कठिणता ३, क्वार्ट्झची ७ म्हणून त्याला काहीच होत नाही, आणि शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब, कॅल्साइट फसफसला की सगळ्यात जास्त खूश तेच.

मला मोठं वाटतं ते वेगळंच. कॉलेजात ते शिकले की खंड जागचे हलत नाहीत, खंड सरकतात हे जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने १९१२ मध्ये मांडलेलं फारसं कोणी मनावर घेत नव्हतं. मग १९६३ नंतर समुद्रतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लागला, समुद्रतळ पसरतो आणि खंड खरंच सरकतात हे पटू लागलं, आणि ऐन नोकरीत त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आजी सांगायची, रात्री जुना नकाशा कापून दक्षिण अमेरिका आफ्रिकेला जोडून दाखवत बसायचे तिला. तो नकाशा आईने अजून जपून ठेवलाय.